सौदापट्टीचा डेटा-नमुना: खुली चर्चा की पाचजणांची समिती?

सांगलीच्या हळद बाजारात एका अडत्याच्या सॉफ्टवेअरची सौदापट्टी (विकलेल्या मालाचं वजन, दर आणि रक्कम यांचा हिशोब) दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरला वाचता यावी, म्हणून समान नमुना ठरवायचा आहे, असं धरा.

खुल्या चर्चेत अडते, तोलणार, शेतकरी सगळे बोलतात. बारदानाचं (रिकाम्या पोत्याचं) वजन कधी वजा होतं, हळकुंड आणि गड्डा (हळदीचे दोन प्रकार) एकाच पट्टीत आले तर दर कुठे लिहायचा, हे तिथेच कळतं. पण ज्याला-त्याला आपला रकाना हवा. १२ चे ४० होतात आणि पूर्ण कुणीच भरत नाही. मिटलेले वाद पुन्हा उकरले जातात ते वेगळंच.

समिती मसुदा लवकर लिहिते, एककं एकसारखी ठेवते. मात्र पाचही जण प्रोग्रामर असले तर बारदान हमखास सुटतं.

आमचा कौल: गरजा खुल्यात गोळा कराव्यात, मसुदा समितीने लिहावा, मग हरकतींसाठी किमान दोन आठवडे द्यावेत. इंटरनेटची मानकं बनवणारी आयईटीएफ मतं मोजत नाही; आक्षेपाचा नीट विचार झाला का, ते पाहते. समितीनेही नाकारलेल्या प्रत्येक सूचनेपुढे कारण लिहावं. दोन वेगळ्या सॉफ्टवेअरनी एकमेकांच्या पट्ट्या वाचून रक्कम पैशापर्यंत जुळवल्याशिवाय आवृत्ती १.० जाहीर करू नये.