फेडोराचे एआय-धोरण: पाठवणाऱ्याला सोयीचे, तपासणाऱ्याला अपुरे

एआयच्या मदतीने लिहिलेला कोड स्वीकारायचा का आणि कोणत्या अटींवर, हे मुक्तस्रोत प्रकल्प (ज्यांचा कोड कुणालाही पाहता-बदलता येतो असे) सध्या आपापल्या परीने ठरवत आहेत. फेडोरा लिनक्स या संगणकप्रणालीच्या परिषदेने ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर केलेले छोटेखानी धोरण योगदान देणाऱ्याच्या नजरेने वाचले, तर समाधानकारक आहे; मात्र दुसऱ्याचे पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेले बदल, तपासत बसणाऱ्याच्या पदरात त्यातून फारसे काही पडत नाही.

चांगले ते आधी सांगतो. धोरण एआय वापरायला मुभा देते, पण ‘एआय-मॉडेलनेच तसे लिहिले’ ही सबब ऐकून घेत नाही: साधन कोणतेही असो, लेखक माणूसच, आणि गुणवत्ता, परवाना व उपयुक्तता या तिन्हींसाठी तोच जबाबदार. साधनाकडून आलेला मोठा भाग न बदलता घेतला असेल, तर ते उघड करणे बंधनकारक आहे. त्यासाठी कमिट संदेशात, म्हणजे बदलासोबतच्या टिपणात, ‘असिस्टेड-बाय’ ही ओळ लिहून पुढे साधनाचे नाव दिले की पुरते. व्याकरण, शुद्धलेखन किंवा भाषेची सफाई यांसाठी घेतलेली मदत सांगावी लागत नाही, आणि कोड चोख लिहूनही त्याचे इंग्रजी वर्णन लिहिताना अडखळणाऱ्या आपल्याकडच्या अनेकांना या सवलतीचे मोल सांगायला नको. योगदानाविषयीचा अंतिम निवाडा एआयवर सोपवू नये, हे कलमही मला पूर्णपणे पटते.

खटकतो तो नियमाचा सैलपणा. मॉडेलकडून दोनशे ओळींचे फंक्शन घेऊन त्यातल्या चार व्हेरिएबलची नावे बदलली, तर ते ‘न बदलता घेतलेले’ ठरते का, याचे उत्तर धोरणात सापडत नाही. शिवाय उघड करणे हे प्रामाणिक माणसाचे काम. जो स्वतः न वाचताच पॅच पाठवतो, तो ही ओळ कशाला लिहील? कोड मिनिटभरात तयार होतो आणि तो तपासणाऱ्याची संध्याकाळ जाते, हे खरे दुखणे, आणि त्यावर धोरणात औषध नाही. इंटरनेटवरून डेटाची ने-आण करणाऱ्या कर्ल या साधनाच्या प्रकल्पाने तर एआयने लिहिलेल्या निकृष्ट त्रुटी-अहवालांच्या लोंढ्यापुढे हात टेकून जानेवारी २०२६ अखेर सुरक्षात्रुटी शोधणाऱ्यांसाठीची बक्षीस योजनाच बंद केली.

याउलट संगणकात आभासी संगणक चालवणारा क्यूईएमयू हा प्रकल्प २०२५ पासून एआयनिर्मित वाटणारे योगदान सरळ नाकारतो. पॅचखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ लिहिणारा माणूस हा कोड त्या परवान्याखाली देण्याचा आपल्याला अधिकार असल्याची ग्वाही देत असतो. मॉडेलने दिलेल्या कोडच्या स्वामित्वहक्काचाच उलगडा झालेला नसताना ही ग्वाही द्यायची कशाच्या जोरावर, असा त्यांचा रोकडा सवाल आहे. जेंटू या दुसऱ्या लिनक्स-प्रणालीने एप्रिल २०२४ मध्येच बंदी घातली, तीही स्वामित्वहक्काबरोबर गुणवत्ता आणि नैतिकता यांचा हवाला देऊन. अशी बंदी मोडणारा सहसा पकडला जात नाही, हा आक्षेप खराच. तरी तपासणाऱ्याला संशयास्पद पॅच वाद न घालता परत करता येतो, ही सोय लहानसहान नाही.

फेडोरासारख्या मोठ्या, अनुभवी मंडळींच्या प्रकल्पात हे धोरण निभावून जाईल. दोन-तीन जणांच्या बळावर चालणाऱ्या प्रकल्पाने मात्र ते जसेच्या तसे उचलू नये. मॉडेलने लिहिलेले सगळे आधी स्वतः वाचून तपासा आणि त्यावरच्या प्रश्नांना उत्तरे देण्याच्या तयारीनेच पाठवा, ही एलएलव्हीएम या कंपायलर-प्रकल्पाच्या (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या साधनांच्या) धोरणातली अट त्यात घालूनच घ्यावे.