नागपूरचं ऊन आणि दोन दीडशे एमएम लेन्स

बाबांचा नागपुरातल्या महाल भागात फोटो स्टुडिओ होता. तो बंद झाला तेव्हा कपाटातली एकच वस्तू मी मागून घेतली: जर्मनीतल्या येनाची झाइस टेसार लेन्स, १५ सेंटिमीटर, एफ ४.५, कॉम्पुर शटरची. मागच्या दिवाळीत रोडेनश्टॉकची अपो-सिरोनार-एस १५०, एफ ५.६ सेकंडहँड मिळाली. तेव्हापासून दोन्ही लेन्स माझ्या ४×५ इंची सुट्या फिल्म-शीटच्या कॅमेऱ्यावर आलटून पालटून लावते आहे.

इमारतींना सिरोनारच. दीक्षाभूमीचा स्तूप १२० फूट उंच. कॅमेरा वर वाकवला की घुमट मागे कलंडतो, म्हणून कॅमेरा सरळ ठेवून लेन्स वर सरकवायची. लेन्स फिल्मवर जेवढं गोल चित्र पाडते ते तिचं वर्तुळ; टेसारचं ४×५ला जेमतेम पुरतं. सेंटिमीटरभर सरकवलं की कोपरे काळवंडायला लागतात. सिरोनारचं एफ २२ला २३१ मिलिमीटर आहे. कळस आत घेऊनही कोपऱ्यातल्या झाडाचं पान न् पान वेगळं दिसलं.

पण आईचा फोटो मला टेसारनेच काढायचा असतो. मे महिन्यातली दुपार, आई ओसरीवर तांदूळ निवडत बसलेली, मागे भाजून निघालेलं अंगण. सिरोनारच्या निगेटिव्हमधून प्रिंट केली तर तिच्या गळ्याखालची सावली ठार काळी आली. टेसारवर उजेड परतू न देणारं कोटिंग नाही, त्याची खूण असणारा तांबडा ‘टी’ही कड्यावर नाही. काच आणि हवा भेटते अशा सहा जागा. प्रत्येकीवर चारेक टक्के उजेड परततो, त्यातला थोडा आतल्या आत फिरून फिल्मभर पसरतो. त्याने तपशील वाढत नाही, काळेपणा मात्र निवतो. आईच्या सुरकुत्या तशाच राहतात, पण ऊन त्यांना कापत नाही. आपल्या उन्हाला ही काच मानवते, असं माझं ठाम मत झालंय.

जुनी घेणाऱ्याने आधी शटर तपासावं. माझ्या कॉम्पुरचा एक सेकंद जवळजवळ दोन सेकंदांचा झाला होता, हे चार शीट वाया गेल्यावर कळलं. सीताबर्डीतल्या एका घड्याळजींनी ते साफ करून दिलं. मग टॉर्च मारून बघा: पावसाळ्यात धरलेली बुरशी आणि मागच्या जोडभिंगाच्या कडेला सुटलेली चिकटवण. चिकटवण सुटली असेल तर भाव कितीही कमी सांगू देत, घेऊ नका. आणि एकच लेन्स परवडणार असेल तर आधी सिरोनार घ्या.