ड्रोनने कपाशीची फवारणी: नागपुरातील एका भाडेसेवेचा अनुभव

कळमेश्वर तालुक्यातील आमच्या चार एकर कपाशीवर पोळ्याच्या आठवड्यात तुडतुडे या रस शोषणाऱ्या किडीसाठी फवारणी करायची होती. पाठीवरच्या पंपाने फवारणारा मजूर मिळेना, आणि मिळाला असता तरी २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली होती, ते आठवून कमरेएवढ्या दाट पिकात कुणाला पाठवायला मन धजावत नव्हते. म्हणून नागपुरातील एका भाडेसेवेचा ड्रोन एकरी पाचशे रुपयांनी ठरविला. औषध आमचे होते. चालविणाऱ्या ताई नरखेडकडच्या. रिमोट पायलटचे प्रमाणपत्र त्यांनी न मागता दाखविले.

ड्रोन आपोआप उडतो आणि पायलट सावलीत बसतो, असा माझा समज होता, तो पहिल्या अर्ध्या तासातच गेला. ताई आधी हातात रिमोट घेऊन चारही धुऱ्यांवरून (बांधांवरून) चालल्या, प्रत्येक कोपरा नकाशात टिपला आणि विहिरीवर जाणाऱ्या विजेच्या तारांभोवती वेगळी चौकट आखली. यंत्राला पुढचा अडथळा ओळखणारे रडार असताना ही मेहनत कशाला, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "झाड दिसते त्याले, तारा नाही दिसत भाऊ. ते मलेच सांगा लागते."

त्यानंतर मोकळ्या शेतात यंत्राने स्वतःच पट्टे पाडले, पिकापासूनची उंची जमिनीच्या चढउतारानुसार राखली, आणि दहा लिटरची टाकी संपताच थांबल्याची जागा लक्षात ठेवून ते परत आले. टाकी भरून बॅटरी बदलल्यावर नेमके त्याच ठिकाणाहून पुढे सुरू झाले. एकराला दहा मिनिटेही लागली नाहीत. तारांजवळच्या पट्ट्यात मात्र ताईंनी सूत्रे हाती घेतली, तीही पूर्णपणे नव्हे: दिशा त्या देत होत्या, तर उंची, वेग आणि वेगाप्रमाणे औषधाची मात्रा यंत्र सांभाळत होते. मला या सेवेतला सर्वांत मोलाचा भाग हाच वाटला, कारण तारेपासून अंतर राखण्यावर पायलटचे सगळे लक्ष असताना नोझलकडे पाहायला तिसरा डोळा कुठून आणायचा? एकदा ताई गोठ्याच्या आड गेल्या आणि संपर्क तुटला, तेव्हा ड्रोन कडुनिंबाच्या शेंड्याहून वर चढून निमूटपणे उड्डाणाच्या जागी उतरला. परतीची ती उंचीही त्यांनीच सकाळी झाडे पाहून भरलेली होती.

तक्रार आहे ती हातबदलाच्या जागेची. हाताने फवारलेला भाग संपवून ताईंनी यंत्राला पुन्हा स्वयंचलित केले, तेव्हा ते आपल्या जुन्या थांब्यावरून निघाले, आणि हाताची शेवटची फेरी व यंत्राची पहिली फेरी यांच्यामध्ये कपाशीची दोन तासे (ओळी) कोरडी राहिली. त्या दिवशी कुणालाच कळले नाही. आठ दिवसांनी तेवढ्याच दोन तासांतल्या पानांच्या कडा पिवळ्या पडून खाली वळलेल्या दिसल्या. सेवेच्या कार्यालयाला फोन केला, तर नकाशावर पूर्ण शेत हिरवे दिसते, एवढेच उत्तर मिळाले. नकाशा पाहून बिल करणाऱ्यांनी एकदा तासात उतरून पानही उलटून पाहायला हवे होते. पैसे एकराच्या हिशेबाने मिळत असल्याने सावकाश हाताने उडविण्यात पायलटला तोटाच होतो, हेही या चुकीच्या मुळाशी असावे.

कपाशीसाठी ही सेवा जरूर घ्यावी. संत्र्याच्या बागेसाठी मात्र घाई करू नये: काळ्या माशीची पिल्ले पानांच्या खालच्या बाजूला असतात आणि एकरी दहा लिटर पाणी वरून पडून दाट झाडाच्या आतवर पोहोचेल, याची खात्री मला वाटत नाही. शिवाय इतक्या कमी पाण्यात औषध तीव्र असते, त्यामुळे वारा सुटला की काम थांबविणारा पायलटच निवडावा. आमच्या ताईंनी साडेदहाला काम थांबवून उरलेला एकर सायंकाळी केला. ज्यांचे शेत नागपूरच्या सोनेगाव विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत येते, त्यांनी उड्डाणाची परवानगी घेतली आहे का, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे.

पुढच्या फवारणीला त्याच ताईंना बोलावले आहे. तारांलगतच्या तासांच्या दोन्ही टोकांना या वेळी लाल चिंध्या बांधून ठेवल्या आहेत, आणि हाताची शेवटची फेरी चिंधीपाशी संपल्यावर यंत्राची पहिली फेरी तिच्या एक तास अलीकडून सुरू करायची, असे त्यांच्याशी फोनवर ठरले आहे.