आरोपमुक्त की निर्दोष मुक्त? दोन्ही एकच नाहीये

बातमीत कधी 'आरोपमुक्त' लिहितात कधी 'निर्दोष मुक्तता', आणि 'दोषमुक्त' तर दोन्हीकडे ठोकून देतात, म्हणून लोकांचा घोळ होतो.

आरोपमुक्त म्हणजे डिस्चार्ज. पोलिसांनी चार्जशीट टाकली, पण जजने कागद बघितले आणि म्हटलं, खटला चालवण्याइतकंसुद्धा यात काही नाही, म्हणजे आरोप निश्चित व्हायच्या आधीच माणूस सुटला. साक्षीदार नाही, उलटतपासणी नाही. नवीन बीएनएसएसमध्ये (म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, फौजदारी खटले कसे चालवायचे याचा कायदा, १ जुलै २०२४ पासून लागू) यासाठी अर्ज ६० दिवसांत करायचाय, हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा खरंच.

निर्दोष मुक्तता मात्र खटला चालल्यावर, पुरावा तपासून. एकदा हा निकाल टिकला की त्याच गुन्ह्यासाठी परत खटला नाही, डिस्चार्जला हे कवच नाही, नवीन पुरावा आला तर परत आरोपी होऊ शकता. २००८ च्या मालेगाव स्फोट खटल्यात दोन्ही दिसतात, काही जण २०१७ मध्ये आरोप ठरण्याआधीच सुटले आणि उरलेले सात जण थेट जुलै २०२५ मध्ये, पुरावा कमी पडला म्हणून.

मला विचाराल तर केस पोकळ असेल तर डिस्चार्जच मागावा, कारण वर्षानुवर्षं तारखा खाणं ही शिक्षाच आहे. फक्त भरतीच्या फॉर्ममध्ये केसबद्दल विचारलं असेल तर सुटलात तरी लपवू नका, आणि नेमका कुठला आदेश आहे ते लिहा, सर्टिफाइड कॉपी जोडा.