ओकली जॉब्रेकर: फ्रेम उत्तम, काच विचार करून घ्या

२०१५ मध्ये आलेला ओकलीचा जॉब्रेकर हा सायकलिंगचा चष्मा आजही पटतो तो उंच काचेमुळे. हँडलच्या खालच्या पकडीत वाकून पुढे पाहिलं तरी वरची कड नजरेच्या आड येत नाही. रोड सायकलसाठी हाच पहिला निकष. नाकावरचा तुकडा उचलला की फ्रेमचा खालचा जबडा उघडतो आणि काच सुटते. काड्यांची लांबी तीन टप्प्यांत बदलते. हेल्मेटची मागची पकड काडीला टेकत असेल तर काडी आखूड करा, नाहीतर चष्मा खाली ढकलला जातो. काडी हेल्मेटच्या पट्ट्यांच्या बाहेरून घ्या.

काचेचा रंग नंतर, आधी प्रकाश किती आत येतो ते बघा. भर उन्हात ८ ते १८ टक्के, म्हणजे काचेच्या गडदपणाची श्रेणी ३. पहाटे, पावसात आणि घाटातल्या धुक्यात पारदर्शकच. पोलराइज्ड, म्हणजे चकाकी गाळणारी काच नकोच! ओल्या रस्त्याची चकाकी दिसेनाशी होते आणि निसरडी जागा कळत नाही, सायकल कॉम्प्युटरचा पडदाही काही कोनांतून काळा पडतो.

हवेसाठी फटी असूनही चढावर वेग घटला की काचेवर वाफ धरते. घामाचं मीठ आधी पाण्याने धुवा; कोरड्या जर्सीने पुसलं की ओरखडे पडलेच.