घरी सर्व्हर ठेवायचाय: मोठ्या कंपनीचं फायबर की गल्लीतला केबलवाला?

आमच्या परळच्या केबलवाल्याकडे स्टॅटिक आयपीला, म्हणजे इंटरनेटवरच्या न बदलणाऱ्या पत्त्याला, ‘डीव्हीआरवाला आयपी’ म्हणतात. म्हणजे दुकानदाराने गल्ल्यावर कॅमेरा लावलाय आणि गावी गेल्यावर त्याला मोबाईलवर बघायचंय की मागे दुकानात काय चाललंय, तर त्याला जो लागतो तो आयपी. आणि त्याच केबलवाल्याच्या फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात लिहिलंय की घरगुती कनेक्शनवर कुठल्याही प्रकारचा सर्व्हर चालवायचा नाही. आता डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, हा सर्व्हर नाही तर काय पाटा-वरवंटा आहे का? बाहेरून कोणीतरी येतं, पोर्टवर, म्हणजे मशीनच्या ठरावीक नंबरच्या दारावर, टकटक करतं, आतून उत्तर जातं. पण ते असो.

माझ्या आधीच्या मोठ्या कंपनीच्या करारातही हेच वाक्य होतं, फक्त जास्त गुळगुळीत इंग्रजीत. त्यामुळे नियम कोणाचे सैल आहेत एवढंच बघून ठरवणार असाल तर कागदावर दोघे सारखेच, उगाच दोन्हीकडची पीडीएफ वाचत रात्र घालवू नका, मी घालवलीय. आणि हा सगळा तुमच्या-त्यांच्यातला करार आहे, पोलीस वगैरे कोणी दारात येत नाही, फार तर कनेक्शन कापतील. हां, शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्याच लाईनवरून नेट विकायला लागलात तर ती वेगळी गोष्ट, त्याला सरकारचं लायसन लागतं, तिथे मी तुमच्या बाजूने नाही.

मी दोन्ही वापरलंय. मोठ्या कंपनीचं सव्वा वर्ष, केबलवाल्याचं आता तिसरं वर्ष चालू आहे. चालवतो काय, तर स्क्रीन फुटलेला एक जुना लॅपटॉप कपाटावर ठेवलाय, त्यावर घरच्यांच्या फोटोंसाठी इमिच, फायलींसाठी नेक्स्टक्लाऊड, आणि बाबांच्या भजनी मंडळाच्या जुन्या कॅसेट मी दोन पावसाळे बसून एमपीथ्री केल्यात त्या. ऐकणारे कोण, रत्नागिरीचे काका, पुण्याची ताई आणि मंडळातले अजून पाच-सहा म्हातारे. धंदा नाही, जाहिरात नाही. तुम्हाला घरून मेल सर्व्हर चालवायचा असेल तर पुढचं वाचूच नका, मेलसाठी लागणारा पोर्ट पंचवीस बहुतेक ठिकाणी बंद असतो आणि घरगुती आयपीवरून गेलेला मेल समोरचा स्पॅममध्ये टाकतो नाहीतर घेतच नाही, त्यात मोठा-छोटा असा फरक नाही.

मोठ्या कंपनीचं चांगलं आधी सांगतो कारण ते खरंच चांगलं होतं. सव्वा वर्षात नेट गेल्याचं मला दोनदा आठवतं, दोन्ही वेळा दुपारपर्यंत परत आलं. अपलोड डाऊनलोडएवढंच. महिन्याची ३.३ टीबीची मर्यादा होती, तिच्या जवळपासही मी कधी गेलो नाही. घरात चार मोबाईल, एक टीव्ही, ऑफिसचे कॉल, एवढंच असेल तर डोळे मिटून तेच घ्या.

मग रडगाणं कसलं, तर सीजीनॅट. राउटरचा वॅन आयपी (बाहेरच्या बाजूचा पत्ता) बघितला तर १००.६४ ते १००.१२७ मधला, म्हणजे आपल्यासारख्या शेकडो लोकांच्या मागे एकच खरा पत्ता, चाळीत सगळ्यांना मिळून एक नळ असायचा तसा. पोर्ट फॉरवर्ड, म्हणजे बाहेरची टकटक आतल्या मशीनकडे वळवणं, कितीही करा, टकटक आपल्या दारापर्यंत येतच नाही. यात कंपनीचा दोष नाही म्हणा, आयपीव्ही४ चे, म्हणजे जुन्या पद्धतीचे, पत्तेच साधारण ४२९ कोटी, त्यातले शेवटचे गठ्ठे २०११ च्या फेब्रुवारीत वाटून झाले, आणि पुढच्या वर्षी सीजीनॅटसाठी ही १००.६४ ची रेंजच वेगळी काढून ठेवली. एमटीएनएलच्या ट्रायबँड ब्रॉडबँडवर आपोआप खरा आयपी मिळायचा, राउटर बंद-चालू केला की बदलायचा पण खरा असायचा, तो जमाना गेला. मान्य. सीजीनॅटवर मी चिडलो नाही.

चिडलो ते गुमास्त्यावर, म्हणजे दुकानाच्या नोंदणीच्या कागदावर.

झालं असं की मी कस्टमर केअरला फोन करून साधं विचारलं, स्टॅटिक आयपी मिळेल का, पैसे देतो. पहिली बाई म्हणाली मिळेल, ॲपमध्ये ऑप्शन आहे. ॲपमध्ये ऑप्शन नव्हता. दुसऱ्याने सांगितलं ‘सर, आप एक बार राउटर रीस्टार्ट कर लीजिए’, आता स्टॅटिक आयपीचा आणि रीस्टार्टचा काय संबंध, पण केलं बाबा रीस्टार्ट, न केलं तर तो पुढे सरकेना. तिसऱ्याने तक्रारीचा डॉकेट नंबर दिला आणि तो डॉकेट दोन दिवसांनी ‘रिझॉल्व्ह्ड’ म्हणून बंद. चौथा माणूस मराठी निघाला आणि त्याने एकदाचं खरं सांगितलं, ‘सर, घरगुती प्लॅनवर नाही देत, बिझनेस प्लॅन घ्यावा लागेल, आणि त्याला जीएसटी नंबर नाहीतर गुमास्ता लागेल.’

म्हटलं अहो माझं घर आहे, वन बीएचके, इथे कसला गुमास्ता. तो बिचारा म्हणाला सिस्टीममध्ये डॉक्युमेंट अपलोड केल्याशिवाय पुढची स्क्रीनच येत नाही. त्याचा काही दोष नाही, मी त्याच्यावर ओरडलो नाही.

ऑफिसातला एक मित्र म्हणाला काढून टाक की गुमास्ता, आता सोपं झालंय, २०१७ च्या नव्या कायद्यानंतर मोजकीच माणसं असतील तर ऑनलाईन नुसती सूचना द्यायची असते. अरे पण सूचना कशाची देऊ? बाबांच्या अभंगांचं दुकान उघडलंय म्हणून? सोसायटीच्या सेक्रेटरींना कळलं असतं तर घरात कमर्शियल काम चालतं म्हणून पुढच्या मीटिंगचा पहिला विषय मीच. खोटं दुकान दाखवून खरा आयपी मिळवायचा, हे मला काही पटेना. बरं बिझनेस प्लॅनचे पैसेही जवळपास अडीचपट. अपिलात गेलो, म्हणजे आधी कंपनीचं तक्रार केंद्र आणि मग त्यांचंच अपील खातं, ट्राय (टेलिकॉमचं सरकारी नियामक) ग्राहकांच्या एकेकट्या तक्रारी घेत नाही हे तेव्हा कळलं. उत्तर आलं की प्लॅनच्या अटींनुसार. बरोबरच आहे, अटींत होतंच.

मधल्या काळात आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत, करून बघितलं, कारण तिथे सीजीनॅट नसतो, प्रत्येकाला ढीगभर खरे पत्ते. पत्ता मिळाला, छान लांबलचक, पण त्यांच्या डब्याचा (राउटरचा) फायरवॉल बाहेरून येणारं सगळं अडवतो आणि तो उघडायचं सेटिंग माझ्या लॉगिनला दिसत नव्हतं. डबा ब्रिज मोडला (म्हणजे नुसती लाईन पुढे द्यायला) टाकून आपला राउटर लावू द्या म्हटलं तर तेही नाही. आणि समजा उघडला असता तरी काकांच्या मोबाईलवर चाललं असतं, ताईच्या ऑफिसच्या वायफायवर आयपीव्ही६ नाही, तिथे ठणठण गोपाळ.

आता केबलवाला. त्याचं ऑफिस म्हणजे गाळ्यातलं एक टेबल, मागे वायरची भेंडोळी आणि समोर गणपतीचा फोटो. मी गेलो, विचारलं. तिथल्या पोराने माझ्याकडे न बघता विचारलं, ‘काका, कॅमेरा किती आहेत?’ म्हटलं कॅमेरा नाही, सर्व्हर आहे छोटासा. तो दोन सेकंद थांबला आणि म्हणाला, ‘म्हणजे डीव्हीआरच ना.’ म्हटलं डीव्हीआरच समज. वर्षाचे अठराशे जास्त, आधार कार्डाची झेरॉक्स, एक सही, आणि संध्याकाळी चारला व्हॉट्सॲपवर आयपी, गेटवे, डीएनएस. पीपीपीओईचं, म्हणजे लाईन जोडायचं, लॉगिन माझ्याच राउटरमध्ये टाकलं, त्यांचा डबा मध्ये नाहीच. रात्री साडेनऊला काकांचा फोन, ‘अरे बाबांचा आवाज येतोय रे.’ आमच्या घरात त्या रात्री कोणी टीव्ही लावला नाही.

तर हा माझा कल, लपवत नाही. पण केबलवाला म्हणजे स्वर्ग असं समजू नका. एक तर लाईन उघड्यावरून येते, या बिल्डिंगवरून त्या बिल्डिंगवर. गणपतीच्या आधीचे रविवार म्हणजे आमच्याकडे आगमनाच्या मिरवणुकांचे दिवस, मूर्ती उंच, पोरं बांबूने वायरी वर उचलतात आणि मूर्ती खालून जाते, आणि एखादी वायर राहतेच. मागच्या वर्षी शनिवारी रात्री तुटली ती मंगळवारी जोडली, कारण जोडणारी पोरंही मिरवणुकीत. दुसरं म्हणजे आमच्या जिन्यात तिसऱ्या मजल्यावर त्यांचा स्विच आहे, तो सोसायटीच्या मीटरवर, कॉमन पॅसेजची लाईट गेली की घरात यूपीएस असून काही उपयोग नाही. मोठ्या कंपनीच्या फायबरला वाटेत वीज लागत नव्हती, स्प्लिटर नुसता काचेचा. आमच्याकडे बेस्टची लाईट तशी जात नाही (२०२० च्या ऑक्टोबरमधला तो एक सोमवार सोडला तर), पण जिन्यातला फ्यूज उडतो. तिसरं, रात्री नऊ ते अकरा स्पीड पडतो, मॅच असेल तर जास्तच. मी मोजलं नाही, पण बायको सीरियल बघताना जे बोलते त्यावरून कळतं.

आणि तो सर्व्हर न चालवायचा नियम? तीन वर्षांत एकदाच त्याची आठवण झाली. मी सगळ्या फोटोंचा बॅकअप बाहेर चढवत होतो, दोन रात्री सलग, तर तिसऱ्या दिवशी सकाळी त्या पोराचा फोन. ‘काका, तुमच्याकडून रात्रभर अपलोड चालू आहे, व्हायरस वगैरे नाही ना?’ म्हटलं नाही रे, बॅकअप आहे. ‘मग रात्री एकनंतर लावा ना, संध्याकाळी बाकीचे लोक ओरडतात.’ लावलं एकनंतर. विषय संपला. नियमामागचं कारणही हेच असतं बहुतेक, दहा माणसांच्या तोंडचा घास एकाने खाऊ नये, पण ते कोणी असं सरळ फोन करून सांगितलं तर माणूस ऐकतो. मोठ्या कंपनीत हे सांगायला कोणी नव्हतं आणि मला विचारायला कोणी नव्हतं. त्यांचा नियम वाईट होता असं नाही, त्याच्याशी बोलता येत नव्हतं.

तिसरा रस्ता आहे तो सांगायला हवा, नाहीतर कोणीतरी म्हणेलच. मोठ्या कंपनीचं फायबर ठेवायचं आणि बोगदा काढायचा. घरच्याच चार लोकांसाठी असेल तर टेलस्केल, प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये एक ॲप टाकलं की झालं. बाहेरच्यांसाठी क्लाऊडफ्लेअरचा टनेल, नाहीतर मुंबईतच डेटासेंटर असलेला एखादा स्वस्त व्हीपीएस (भाड्याचं मशीन) घेऊन त्यावरून वायरगार्डचा बोगदा. घरातून जोडणी बाहेर जाते त्यामुळे सीजीनॅट आडवा येत नाही. मी व्हीपीएसवाला प्रकार चार महिने चालवला, उत्तम चालला. सोडला का, तर काकांना ॲप टाकायला सांगणं माझ्या ताकदीबाहेरचं आहे म्हणून टेलस्केल बाद, आणि व्हीपीएसचं महिन्याचं भाडं केबलवाल्याच्या आयपीपेक्षा जास्त पडत होतं, शिवाय सांभाळायला अजून एक मशीन. तुम्हाला तरुण घर असेल तर कदाचित हाच रस्ता बरा, मी हट्ट धरणार नाही. नव्या टॉवरमध्ये राहत असाल आणि बिल्डरने एकाच कंपनीला डक्ट (वायरी आणायची वाट) दिला असेल तर तसाही दुसरा इलाज नाही.

खरा आयपी घेतलात की दुसऱ्या मिनिटापासून चीन-रशियातून कोण कोण दार वाजवतं ते लॉगमध्ये बघा आणि एसएसएचचा (दुरून मशीनमध्ये शिरायचा) पासवर्ड बंद करून किल्लीची फाईल वापरा, एवढं तुम्हाला माहीत असणारच. घरातूनच आपल्या नावाने साईट उघडत नसेल तर घाबरू नका, राउटरला हेअरपिन (आतून निघून परत आत वळणं) येत नसेल, घरच्या डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यादीत, आतला पत्ता टाका. केबलवाल्याने वेबसाईटचा पोर्ट ऐंशी बंद ठेवला असेल तर साईटचं सुरक्षेचं सर्टिफिकेट डीएनएसच्या पद्धतीने घ्या, लेट्स एनक्रिप्ट देतं.

आणि केबलवाल्याकडे जाल तेव्हा ‘सर्व्हर’ शब्दाने सुरुवात करू नका, पण खोटंही बोलू नका. विचारा की पब्लिक आयपी देता का, तो बदलतो का, आणि पीपीपीओई माझ्या राउटरवर चालेल का. तो ‘देतो देतो’ म्हणाला तरी आधी एक महिन्याचेच पैसे द्या, कारण ते सगळं सहा महिन्यांच्या आणि वर्षाच्या पॅकवर ढकलतात. घरी येऊन वॅन आयपी बघा. काहीजण पब्लिक म्हणून दहाने सुरू होणारा, म्हणजे आतलाच, पत्ता हातात टेकवतात. तसं असेल तर परत जाऊन त्या टेबलासमोर उभं राहा, दोन मजले उतरलं की झालं.