लायसिनची 25 किलोची बॅग, दोन वर्षं वापरून झाल्यावर

आमच्याकडे कावेरी जातीच्या कोंबड्यांचं छोटं शेड आहे, खाद्य घरीच बनवतो, मका, सोयापेंड, मिनरल मिक्श्चर वगैरे. दोन वर्षं झाली त्यात एल-लायसिन एचसीएल टाकतोय (लायसिन म्हणजे प्रथिनाचा एक घटक, अमिनो आम्ल, सोयापेंडेतून कोंबडीला मिळतं तेच) म्हणून म्हटलं लिहावं, कारण आमच्या भागात अजून बरेच जण 'केमिकल असतं ते, नको' म्हणून सोयापेंडच वाढवत बसतात आणि पेंडेचा भाव चढला की रडकुंडीला येतात.

तर हे केमिकल कारखान्यातलं नाही, जिवाणूंनी साखरेवर जगून बनवलेलं असतं. माझं बीएस्सी मायक्रो झालंय त्यामुळे मला यात जरा जास्तच रस आहे. जिवाणूचं नाव कोरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम, 1956 च्या सुमारास जपानमध्ये सापडला. साधा जिवाणू स्वतःला लागेल तेवढंच लायसिन बनवतो, पेशीत लायसिन आणि थ्रिओनिन (तेही एक अमिनो आम्लच) पुरेसं झालं की अ‍ॅस्पार्टोकायनेज नावाचं एन्झाइम आपोआप थंडावतं, पुढचं सगळं काम बंद. संशोधकांनी त्या एन्झाइममध्ये 311 नंबरच्या जागी फक्त एक अमिनो आम्ल बदललं, थ्रिओनिनच्या जागी आयसोल्यूसिन, आणि हा ब्रेकच निघाला! शिवाय त्याच कच्च्या मालातून थ्रिओनिनकडे जाणारी वाट अडवली की माल लायसिनकडे वळतो, आणि बनलेलं लायसिन बाहेर फेकणारा पंप पेशीत असतोच, तो वाढवला की अजून बरं. आताच्या चांगल्या स्ट्रेन (जिवाणूचे वाण) लिटरला 100 ग्रॅमच्या वर लायसिन देतात. एवढ्याशा जिवाकडून एवढं काम, मला अजूनही भारी वाटतं.

आता मालाबद्दल. बॅग उघडली की फिकट बदामी, रव्यासारखे दाणे, हातातून सुळकन घसरतात. लेबलवर 98.5 टक्के लिहिलेलं असतं पण ते एचसीएल म्हणजे हायड्रोक्लोराइडचं वजन धरून, त्यात खरं लायसिन 78 टक्क्यांच्या आसपास, हिशोब त्यावर करा. मी टनाला 2 किलो टाकतो आणि सोयापेंड 40 किलो कमी करून तेवढा मका वाढवतो. वजनात फरक पडला नाही, उलट शेडमधलं लिटर (जमिनीवर अंथरलेला भुसा) कोरडं राहतं आणि सकाळी शेडमध्ये शिरल्यावर डोळ्यांना झोंबणारा तो अमोनिया बराच कमी झाला, माझ्यासाठी हाच सगळ्यात मोठा फायदा. 2 किलो थेट टनात ओतू नका, आधी 20 किलो मक्याच्या भरड्यात नीट कालवा मग मिक्सरला द्या. आणि मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल विसरलात तर हे सगळं वाया, मका-सोयाच्या खाद्यात कोंबडीला आधी तेच कमी पडतं.

एकदा फसलो पण. पावसाळ्यात बॅग संपली म्हणून जवळच्या एका दुकानातून सुट्टं 5 किलो आणलं, लेबल नाही, गडद तपकिरी दाणे, दुकानदार म्हणाला तेच आहे. तेच नव्हतं, लायसिन सल्फेट होतं. सल्फेट वाईट नसतं, त्यात जिवाणूंची वाळलेली पेशी पण येते, पण लायसिन साधारण 55 टक्केच, म्हणजे 2 किलोच्या जागी 2.8 किलो लागतं. मी 2 च टाकत राहिलो, पेंड आधीच कमी केलेली, ती अख्खी बॅच लहानमोठी निघाली, काही पक्षी तर शेवटपर्यंत अंगच धरेनात. फार वाईट वाटलं, पक्ष्यांची काय चूक. तेव्हापासून सीलबंद बॅगच घेतो, उघडल्यावर तोंड दोरीने घट्ट बांधून लाकडी फळीवर ठेवतो, ओल लागली की लगेच ढेकळं होतात.

एकट्याला दोन-चार किलोच लागत असेल तर दोघंतिघं मिळून बॅग घ्या, पण सुट्टी घेऊ नका. पुढच्या बॅचला थ्रिओनिन पण टाकून बघणारे, ते ई. कोलायकडून बनवून घेतात, त्यासाठी आतापासूनच दर आठवड्याला 20 पक्ष्यांची वजनं वहीत लिहून ठेवतोय.